सातशे ग्रॅम

१

भागवत वायाळ आपल्याच आखाड्यावर, आपल्याच पिस्तुलाच्या गोळीनं मेला होता, आणि मारणारा म्हणून ज्याला धरलं होतं तो शेजारीच मातीत बसलेला होता. नोकरीत इतकं वाढून ठेवलेलं ताट माझ्यापुढं कधीच आलं नव्हतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

मी सत्यशीला साळवे, सहायक पोलीस निरीक्षक. टेंभुर्णी आणि आसपासची गावं माझ्याकडे. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको.

वैशाखाची अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडं अडत बाजार बंद. भागवतरावांची टेंभुर्णीत धान्य-सरकीची वडिलोपार्जित अडत, गावाबाहेर मोसंबीची बाग, आणि बागेत आखाडा, म्हणजे शेतातलं दोन खोल्यांचं घर. यंदा पाणी नव्हतं. निम्मी झाडं वाळून उभी होती आणि त्यांच्या नावापुरत्या सावलीत साठीचा एक माणूस उताणा पडला होता. गोळी उजव्या बरगडीत लागली होती. अंगात नेहरू शर्ट, पायजमा आणि आत बंडी. बंडीला आतून डाव्या अंगाला मांजरपाटाचा जाड चोरखिसा शिवलेला होता. तो उघडा होता आणि रिकामा होता. पिस्तूल हातभर अंतरावर पडलं होतं, छोटंसं, चपटं, तळहातात मावेल असं.

"ह्यानंच मारलं मॅडम!" धाकटा भाऊ कडूबा ओरडत होता. "मी अन् राधेश्यामनं रंगेहात धरला. दादानं याला बोलावलं आसंल, दोन शब्द वाढले आसतील, दादानं बंडीतून पिस्तूल काढलं अन् ह्यानं हिसकलं. बराबर समोरून घातली गोळी."

"तुम्ही पाहिलं?"

"आवाज आईकला अन् पळत आल्तो. हा प्रेताशी बसलेला. पिस्तूल ह्याच्याच हातात."

राधेश्याम हा भागवतरावांचा एकुलता एक मुलगा. तो बाजूला उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मी त्याला विचारलं, आबा रोज पिस्तूल बाळगायचे का?

"कायम," तो म्हणाला. "झोपतानाच काढायचे. आज सकाळी घरून निघाले तव्हा बी फुगवटा दिसत होता बंडीत. चौकातल्या हॉटेलवर चार जणांनी पाहिला, इचारा कुणालाबी."

मातीत बसलेल्या पोराचं नाव भारत बोर्डे. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्यानं भागवतरावांच्या मुलीशी, प्रीतीशी, कोर्टात लग्न केलं होतं. त्याच सालात भागवतरावांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि ते कुणासाठी हे अख्ख्या टेंभुर्णीला न सांगता कळलं होतं.

भारतनं मान वर केली. त्याच्या दोन्ही हातांना रक्त होतं.

"मी फक्त त्यांचं डोकं मांडीवर घेतलं मॅडम," तो म्हणाला. "पिस्तूल त्यांच्या पायाशी होतं, ते बाजूला सरकवलं. चूक झाली."

चूक साधी नव्हती, नरड्याला फास लावून घेण्यासारखी होती. त्याच्या बोटांचे ठसे आता त्या पिस्तुलावर होते. आणि वर, तो माझ्याच जातीचा, आमच्यातला. जीपमध्ये बसताना गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "आता बाई वाचवती आपल्या माणसाला."

मी मागं वळून बघितलं. कुणी पुढं आलं नाही. येत नसतातच.

२

प्रीती ठाण्यात आली तेव्हा तिच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू होतं आणि तिच्या चपला धुळीनं माखल्या होत्या. बागेच्या फाट्यावरून ती चालत आली होती.

"आबांनीच बोलावलं होतं आम्हाला," ती म्हणाली. "बाळाला बघायचंय म्हणाले. उद्या घरी घेऊन जातो म्हणाले, सगळ्यांसमोर. मी फाट्यावर थांबले. भारतला म्हणलं, तू आधी जाऊन बघ."

"काय बघ?"

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "बंडी बघ. फुगलेली आसंल तर माघारी ये, म्हणलं. फुगलेली नसंल तरच मला हाक मार."

मला गलबलून आलं आणि रागही आला. "आणि त्याआधी कधी बोलावलं होतं?"

"खूपदा. प्रत्येक खेपेला मी न्हाई म्हणलं. लोक सांगायचे ना, तुझा बाप कमरेला लावून फिरतोय म्हणून."

भारतचं म्हणणं थोडक्यात होतं. झाडांतून जाताना त्यानं गोळीचा आवाज ऐकला. पळत गेला. सासरे पडलेले. त्यांना पाणी पाजायला बघितलं, तेवढ्यात दोघं आले. गोळी झाडणारा दिसला नाही. झाडं दाट होती, असं तो म्हणाला. वाळली होती तरी दाट होती, ते मी पाहिलं होतं.

वरिष्ठांचा फोन आला. गाव तापलंय, बाई, जल्दी आवरा. आरोपी आहे, हत्यार आहे, हेतू आहे, आणखी काय पाहिजे? उद्या त्याला कोर्टात उभं करा. प्रयोगशाळेचे अहवाल यायला कितीतरी महिने लागतात, तोवर हे पोरगं आतच सडणार होतं, आणि टेंभुर्णीच्या तोंडी त्याचा निकाल आधीच लागला होता.

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवून बंडी टेबलावर पसरली.

एक गोष्ट मला बाईमाणूस म्हणून ठाऊक आहे. कमरेला हत्यार लावणाऱ्याचे कपडे धुवायला बसलं की जीव नकोसा होतो. माझ्या सरकारी पिस्तुलाला रोज तेलाचा हात लागतो, आणि ते तेल कापडात काळं होऊन असं मुरतं की साबण हरतो. भागवतरावांचं पिस्तूलही तेलात न्हालेलं होतं. ठशांना धक्का न लावता मी पांढऱ्या रुमालाचं टोक नुसतं नळीच्या तोंडाला टेकवलं, तेवढंही काळं झालं.

चोरखिशाचं अस्तर मी उलटं केलं. मांजरपाट पांढराच होता. काळा ठिपकासुद्धा नाही.

त्याऐवजी तिथं गंज होता. घामानं भिजून भिजून पक्का बसलेला, विटकरी रंगाचा. दोन ठसे, एक मोठा, एक लहान. मी खिडकीपाशी नेऊन नीट बघितलं आणि बोट फिरवत कोपरे मोजले.

दोन्ही ठसे षटकोनी होते. सहा कोन असलेलं पिस्तूल मी तरी अजून पाहिलेलं नाही.

३

जालन्यात ज्यांच्याकडं परवान्याची हत्यारं मिळतात त्या हमीदभाईंचं दुकान म्हणजे अंधारी बोळ आहे. हमीदभाई चहा पाजल्याशिवाय बोलत नाहीत आणि बोलायला लागले की थांबत नाहीत.

"भागवतशेठ? अरेरे. क्या आदमी था. मॅडम, माझ्याकडं रोज गिऱ्हाईक येतात, सगळ्यांचा एकच सवाल. किती जल्दी निघतं? कुणी म्हणतं, बसल्या बसल्या निघालं पाहिजे, कुणी म्हणतं, गाडी चालवता चालवता. हा पहिला माणूस पाहिला मी, ज्यानं उलटं विचारलं."

"म्हणजे?"

"म्हणाला, काढायला सगळ्यात जास्त टाइम कोणत्याला लागतो?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी हसलो," हमीदभाई म्हणाले. "म्हणलं, शेठ, मस्करी करून राह्यले का? तर म्हणाला, न्हाई हमीदभाई. हात तिथवर जाईस्तोवर माणसाला इचार करायला सवड मिळाली पाहिजे. असं हत्यार द्या."

मुलगाही सोबत होता. त्याला मोठं रिव्हॉल्व्हर पाहिजे होतं, कमरेच्या पट्ट्याला बाहेरून लटकलेलं, चौकात चार लोकांना दिसलं पाहिजे असं. बाप म्हणत होता, दिसायला नको. दोघांची दुकानातच जुंपली. हमीदभाईंनी समजावलं की रिव्हॉल्व्हरचं गोल चाक बंडीतून वर येतं आणि पायजम्याच्या नाडीला पट्टा धरत नाही. रोज अंगावर वागवायचं तर चपटं, कडा घासलेलं, खटका लावता येणारं छोटं पिस्तूल बरं. ते आत चोरखिशात बसतं, आणि आधी शर्ट, मग बंडी, मग खिशाचं बटण, इतकं सगळं उलगडल्याशिवाय बाहेर येत नाही. बापाला तेच आवडलं.

"मी एक सल्ला सगळ्यांनाच देतो," हमीदभाई म्हणाले. "घ्यायच्या आधी महिनाभर तेवढं वजन अंगावर बांधून फिरा. भरलेलं पिस्तूल म्हणजे सातशे ग्रॅमच्या आसपास. चार दिवसांत कंटाळा आला तर घेऊच नका. कंटाळलेला माणूस ते घरी कपाटात टाकतो, आणि घरी पडलेलं हत्यार अंगावरच्यापेक्षा खतरनाक. दिवाळीच्या टायमाला मी हे सांगितलं, अन् हा पठ्ठ्या माघात परत आला. बंडीत हात घातला अन् माझ्या काउंटरवर काय काढून ठेवलं सांगू?"

"लोखंडी वजनं," मी म्हणाले. "एक पाचशेचं, एक दोनशेचं. सहा कोनी."

हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच्या बंडीनं."

परतताना देऊळगाव राजाच्या रस्त्याला उन्हाच्या झळा येत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होते. कारण या शोधानं माझं काहीच भलं झालं नव्हतं. भागवतरावांनी पिस्तूल घेण्याआधी वजनं बांधून सराव केला होता, डाग तेव्हाचे असतील, असं कुठलाही वकील म्हणेल. उद्या सकाळी भारत बोर्डे कोर्टात उभा राहणार होता.

४

वायाळांच्या घरी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. भागवतरावांची बायको, दैवशालाबाई, मधोमध, गुडघ्यात मान घालून. मी चपला बाहेर काढल्या आणि जमिनीवर तिच्यासमोर बसले. कडूबा दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, एकच विचारते. आबांच्या बंड्या कोण शिवायचं?"

"मीच," ती मान न उचलता म्हणाली. "मशीन हाये माझी."

"अंगात होती ती?"

"गुढीपाडव्याला शिवल्या दोन. जुन्या इरल्या होत्या. पाडव्याला नवं कापड अंगाला लागावं म्हणून."

"चोरखिसा?"

"तो बी मीच. नवाच."

मी पुढं सरकले. "मावशी, खिशात गंजाचे डाग आहेत."

"लय घासले बाई," ती म्हणाली. "लिंबू लावलं, ताक लावलं. दर धुण्याला पुन्यांदा येतेत. न्हाई जात ते."

आणि मग तिचं तिलाच कळलं की ती काय बोलून गेली. तिनं पदर तोंडात धरला.

"वहिनी थकल्यात," कडूबा मधे पडला. "मॅडम, ते डाग जुने आसतील. दादानं आधी वजनं बांधून बघितल्ती, सगळ्या घराला म्हाईत हाये."

"कडूबा, पिस्तूल घेतलं माघात," मी म्हणाले. "ही बंडी शिवली पाडव्याला. पाडवा माघानंतर येतो, आमच्या ठाण्यात तरी असंच मोजतात. पिस्तूल घेतल्यावर शिवलेल्या कोऱ्या बंडीत वजनांचा गंज कुठून आला, सांगा."

कडूबा बोटांवर महिने मोजायला लागला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता. मी त्याला विचारलं, दादाच्या अडतीची चावी असते का तुमच्याकडं?

"मी वेगळा निघाल्यापासून त्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. चावी दोघांकडं. दादाच्या करदोड्याला एक, राधेश्यामकडं एक."

दादाच्या करदोड्याची चावी पंचनाम्यात मीच काढून घेतली होती. ती माझ्या कपाटात कुलूपबंद होती.

आता एवढं नक्की झालं होतं की भागवतराव पिस्तूल बाळगतच नव्हते. चार माणसांना दिसलेला तो फुगवटा म्हणजे सातशे ग्रॅमची दोन मापं, तीच लोखंडी वजनं, होती. म्हणजे पिस्तूल आखाड्यावर दुसऱ्या कुणीतरी नेलं. प्रेताच्या खिशातून मापंही कुणीतरी काढून घेतली, नाहीतर पिस्तूल त्या खिशातलं वाटलं नसतं. आणि भारतनं तर ती नेली नव्हती. त्याची झडती मी स्वतः घेतली होती, आणि फाट्यापर्यंतचा बांध न् बांध माझ्या माणसांनी पालथा घातला होता. आखाड्याजवळच्या विहिरीला यंदा पाणी नव्हतं, तळ वरूनच दिसत होता. त्यात गोट्यांशिवाय काही नव्हतं.

मग ती मापं गेली कुठं?

मी उठले. तेव्हा दैवशालाबाईनं माझ्या पॅन्टचं टोक धरलं.

"बाई, फाशी होती का यात?"

"कुणाला, मावशी? जावयाला?"

तिनं टोक सोडलं आणि पदर पुन्हा तोंडात धरला. हो म्हणाली नाही.

५

अडतीचं दुकान घराच्या मागच्या गल्लीत होतं. सुतकामुळं बंद. मी राधेश्यामला चावी घेऊन बोलावलं, कडूबालाही सोबत घेतलं. शटर वर गेलं, आत गोणपाटाचा आणि जुन्या सरकीचा वास कोंडलेला होता.

वजनकाटा आता विजेवरचा. जुनी लोखंडी मापं फक्त पूजेला उरलेली, गल्ल्यावरच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली ओळीनं मांडलेली. पाच किलो, दोन किलो, किलो, पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास. सगळी जागच्या जागी.

"आज सकाळपासून कुणी आलं होतं आत?" मी विचारलं.

"कोण येणार? अमावस्या," राधेश्याम म्हणाला. "कालपासून शटर बंद हाये."

मी फळीजवळ गेले. लक्ष्मीपूजनाला लावलेलं हळदकुंकू प्रत्येक मापावर वाळून बसलं होतं, वर सात महिन्यांची धूळ. पाच किलोवर होतं, किलोवर होतं, शंभरावर होतं, त्या इवल्या पन्नासावरही होतं. पाचशे आणि दोनशे मात्र कोरी होती. धूळ नाही, कुंकू नाही, कडा अंगाला घासून घासून गुळगुळीत झालेल्या, आणि खाली फळीवरच्या धुळीत त्यांचे आजचे ठसे.

मी ती दोन्ही मापं उचलली. काही न बोलता जमिनीवर ठेवली, माझ्या चपलेला लागून. आणि मुद्दामच राधेश्यामकडं पाठ करून कडूबाला विचारत बसले की सरकीला औंदा भाव काय, पाऊस कधी येणार, असलं काहीबाही. कडूबा बिचारा उत्तरं देत होता. त्याच्या पायाशी मापं होती आणि त्याची नजर एकदाही खाली गेली नाही. अडत सोडून तो केव्हाच शेतीवाला झाला होता.

माझ्या मागं कापडाचा आवाज झाला. मी सावकाश वळले.

राधेश्याम वाकला होता. त्यानं आधी पाचशेचं माप उचललं, शर्टाच्या टोकानं पुसलं, कपाळाला लावलं आणि फळीवर किलोच्या शेजारी ठेवलं. मग दोनशेचं तसंच. त्याचे डोळे दुसरीकडंच होते. हात आपलं आपण करत होते, लहानपणी बापानं शिकवलेलं.

"जमिनीवर ठेवलेलं चालत नाही का रे?" मी विचारलं.

"लक्ष्मी हाये मॅडम," तो सवयीनं म्हणाला. "माप खाली ठिवू न्हाई. लाथ लागती."

मी गोणीकडं बोट केलं.

"बस राधेश्याम," मी म्हणाले. "आता मी सांगते, तू ऐक. आज सकाळी आबा निघाले तेव्हा बंडीत फुगवटा होता, हे तुझंच म्हणणं. तो पिस्तुलाचा नव्हता. त्या कोऱ्या खिशाला तेलाचा डाग नाही, गंजाचे आहेत. म्हणजे ही दोन मापं आज सकाळी आबांच्या अंगावर होती. आता ती या फळीवर आहेत. आबा आखाड्यावरून परत आले नाहीत. दुकान कालपासून बंद, हेही तुझंच म्हणणं. त्यांची चावी माझ्याकडं. दुसरी तुझ्या हातात आहे."

"आबांनीच ठिवली आसतील सकाळी," तो म्हणाला.

"मग फुगवटा कशाचा?"

कडूबा पुतण्याकडं बघत भिंतीला टेकला. "राधेश्याम," तो म्हणाला, "आवाज झाला तव्हा तू माझ्या संगं न्हव्हता. तू मला बांधावर गाठलास. पळत आल्तास, पर आखाड्याकडून आल्तास. मला वाटलं, घाबरून भलतीकडंच गेलास."

६

शटरच्या खालून दैवशालाबाई आत आली तेव्हा तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुतकातली बाई गल्ली ओलांडून आली होती, डोक्यावर पदर, पाय अनवाणी.

"पिस्तूल माझ्यापाशी होतं, बाई," ती म्हणाली. "घेतलं त्याच राती त्यांनी माझ्याकडं दिलं. म्हणले, पेटीत ठिव तुझ्या, शालूखाली. मला ते अंगावर नको. पोरीचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, हात कव्हा जाईल सांगता येत न्हाई. अन् राधेश्यामला सांगू नको."

"मग मापं कशाला?"

"हा रोज इचारायचा ना त्यांना. आबा, संगं हाये ना? जणू काय बाप न्हाई, राखणदारच हाये घराच्या इज्जतीचा. ते बंडीवर हात मारायचे. हाये म्हणायचे. वजन आसलं की ह्याचं समाधान व्हायचं अन् चौकातले बी गप बसायचे." ती मुलाकडं वळली. "परवा ते फोनवर प्रीतीशी बोलत होते, ते तू आईकलं. काल मला म्हणलास, आई, पेटीची चावी दे, जमिनीचे कागद पाह्यचेत. मी दिली. माझ्या हातानं दिली."

राधेश्याम खाली बसला. मोठा दांडगा गडी, पण गोणीसारखा बसला.

"मला भारतला मारायचं होतं," तो म्हणाला. "पिस्तूल पेटीत दिसलं तव्हाच समजलं, फळीवरची ती दोन मापं अजून का माघारी आली न्हाईत, आबानं मला येडं बनवलं माघापासून. गावात मी मान वर करून बोलत होतो, अन् हे लोखंड घेऊन फिरून राह्यले होते. मी आखाड्यामागं लपून बसलो. आबानं मला पाह्यलं. सरळ माझ्याकडं चालत आले. म्हणले, दे इकडं. मी म्हणलं, बाजूला व्हा. त्यांनी नळीच धरली, आपल्या अंगाकडं वढली." तो माझ्याकडं बघत होता, पण सांगत होता आईला. "आई, मी मारलं न्हाई. ते मधी आले."

"मग खिशात हात घातलास," मी म्हणाले.

"भारत येताना दिसला. डोकं चाललं न्हाई. पिस्तूल तिथंच टाकलं, मापं काढली. खिसा रिकामा पाह्यजे होता." त्यानं दोन्ही हात पॅन्टीला पुसले. "मंग आडरानानं निघालो."

"विहीर दहा पावलांवर होती, राधेश्याम. आत गोटे होते, त्यात दोन लोखंडी तुकडे कुणाला कळले असते? टाकून का नाही दिलेस?"

हा प्रश्नच समजला नाही अशा नजरेनं तो माझ्याकडं बघायला लागला.

"माप हाये, मॅडम," तो म्हणाला. "मापाला कसं टाकायचं? पॅन्टीच्या खिशात घालून आधी काकाला गाठलं. तुम्ही पंचनामा करून गेलात तसा इकडं आलो, धुतली अन् जाग्यावर ठिवली."

दैवशालाबाई त्याच्यापुढं खाली टेकली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, ही आता त्याला जवळ घेईल. तिनं त्याचे केस बाजूला केले, कपाळाकडं बघितलं. मापं लावलेल्या जागी गंजाची फिकट रेघ उमटली होती. तिनं ती पदरानं पुसली.

"लोखंडाला जमिनीवर राहू दिलं न्हाईस," ती म्हणाली. "अन् बापाला मातीत ठिवून आलास."

मग ती उठली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "घेऊन जा बाई याला. माझ्या जावयाला सोडा." आणि आली तशी अनवाणी निघून गेली.

उन्हं कलताना भारतला मी ठाण्याच्या बाकावर आणून बसवलं. त्याला अजून काही नीट उमगत नव्हतं, तो हात धुवायला पाणी मागत होता. वरिष्ठांना फोन केला, ते आधी चिडले, मग कागद लवकर पाठवा म्हणाले. "आपल्या माणसाला वाचवती" म्हणणाऱ्या त्या गर्दीतले दोघंचौघं ठाण्यापुढून दोनदा गेले.

प्रीती माझ्या टेबलासमोर बसून होती. मी तिला सगळं सांगितलं. काहीही न लपवता, कारण लपवलेलं तिला बाहेर कुणीतरी सांगणारच होतं, आणि वाईट रीतीनं सांगणार होतं.

तिनं विचारलं, "म्हणजे आबांकडं पिस्तूल नव्हतंच? मागं बोलावलं तेव्हाही नव्हतं?"

"नव्हतं."

"दिवाळीनंतर बोलावलं तेव्हाही?"

"तेव्हा तर घेतलंही नव्हतं, बाळ."

ती हसल्यासारखं काहीतरी करायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "मी त्या फुगवट्याला भ्याले मॅडम. प्रत्येक खेपेला न्हाई म्हणलं. आजसुद्धा फाट्यावर थांबले. त्यांनी बाळाला पाह्यलंच न्हाई."

टेबलावर पुराव्याची पिशवी होती, अजून मोहर न लावलेली. कायद्यानं मी ती कुणाच्या हातात द्यायला नको होती. मी ती उघडली आणि दोन्ही मापं तिच्यापुढं सरकवली.

तिनं ती उचलून मांडीवर घेतली. पाचशे आणि दोनशे. लेकरानं लगेच हात पुढं केला आणि लहान माप धरून तोंडात घालायला बघितलं. प्रीतीनं त्याला अडवलं नाही. ते वजन त्याला पेलवेना, हातातून घसरलं, आणि खाली पडायच्या आत आम्ही दोघींनी एकदमच वाकून ते धरलं.